ॲस्बेस्टॉसमुळे कॅन्सर झालाय? गोव्यातल्या कुटुंबांनी पैशांची सोय कुठून आणि कशी करावी

ज्या घरात ‘मेसोथेलिओमा’ (ॲस्बेस्टॉसच्या धुळीमुळे बहुधा फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कॅन्सर) हा शब्द याच आठवड्यात पहिल्यांदा आलाय, त्या घरासाठी हे लिहितेय. आमच्याकडे तो आला तेव्हा कुणाला त्याचा उच्चारही धड जमत नव्हता. बाबा एकोणीस वर्षं बार्ज दुरुस्तीच्या यार्डात फिटर होते. इंजिनरूममधल्या पाईपांवरचं पांढरं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण) सोलायचं, गास्केट कापायची, ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायची, हे त्यांचं रोजचं काम. यार्ड कधीच बंद झालं होतं. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांच्या छातीत पाणी झालं. आधी टीबीची औषधं चालली, पाणी दोनदा काढलं, मग बायोप्सी झाली. नाव कळेपर्यंत सात महिने गेले आणि तोवर आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या.

पैशांचे जे रस्ते आमच्यासमोर उघडे होते ते आम्हाला बाबा गेल्यावर समजले. काहींची मुदत उलटून गेली होती. तुमचं तसं होऊ नये.

दोन वाटा, दोन्ही एकाच वेळी

पहिला पैसा उपचारासाठी मिळतो: सरकारी कार्ड, योजना, ट्रस्ट. तो लवकर येतो. तिथे आजार कशामुळे झाला हे कुणी विचारत नाही, बहुतेक ठिकाणी फक्त कॅन्सर आहे आणि ऐपत नाही एवढंच पाहतात. दुसरा पैसा हक्काचा. माणूस कामामुळे आजारी पडला म्हणून इएसआयकडून (कामगारांची सरकारी विमा योजना) किंवा मालकाकडून मिळणारी ही भरपाई. ती सावकाश येते, पण रक्कम मोठी असते आणि मागे राहिलेल्यांना तिचाच आधार होतो.

बहुतेक घरं पहिल्या वाटेवर धावतात आणि दुसरी ‘नंतर बघू’ म्हणून सोडतात. आम्ही तेच केलं. पण दुसऱ्या वाटेला लागणारा सगळ्यात मोठा पुरावा रुग्णाच्या डोक्यात असतो, आणि तो जोवर बोलू शकतो तोवरच मिळतो.

पहिला आठवडा: कामाची कहाणी लिहून घ्या

शाळेची दोनशे पानी वही आणा आणि रुग्णाजवळ बसा. ॲस्बेस्टॉसचा आजार संपर्कानंतर साधारण वीस ते पन्नास वर्षांनी डोकं वर काढतो. त्यामुळे शेवटच्या नोकरीपेक्षा पहिल्या नोकऱ्या महत्त्वाच्या. कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, कुठल्या कंपनीत, कुठल्या खात्यात, मुकादम कोण, ठेकेदार कोण. हातात कुठला माल असायचा: सिमेंटचे पत्रे, पाईप, ब्रेक लायनिंग, बॉयलरचं लॅगिंग, दोरी, गास्केट, वेल्डिंगची चादर. धूळ उडायची का, मास्क मिळायचा का, झाडू मारला जायचा की पाणी मारून साफ करायचे. बरोबर कोण कोण होते आणि ते आता कुठे राहतात.

साल आठवत नसेल तर घरातल्या गोष्टींशी जोडा. ‘ताईच्या बारशाला मी कुठे कामाला होतो?’ असं विचारलं की बाबांना बरोबर आठवायचं. एके संध्याकाळी त्यांनी एक्स-रेचं पाकीट मागून घेतलं आणि पाठीमागच्या बाजूला पेनानं बार्जची इंजिनरूम काढून दाखवली. इथे इंजिन, इथून एग्झॉस्टचा पाईप, इथे मी उकिडवा बसायचो, इथे खाली पांढरा भुसा साचायचा. धाप लागत होती, मधे मधे थांबत होते, पण हात थरथरला नाही. त्या चित्राखाली त्यांनी तारीख घालून सही केली. पुढे वकिलांनी आमच्या फाईलमधून सगळ्यात आधी तेच पाकीट बाहेर काढलं.

तुम्हीही प्रत्येक पानावर सही किंवा अंगठा घ्या. जमल्यास नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करा. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर नोटरी घरी येऊ शकतो. मोबाईलवर व्हिडिओही करून ठेवा.

मग कागद शोधा. ट्रंका, देवघराचे खण, जुन्या पिशव्या उपसा. पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, इएसआयचं कार्ड, पीएफची स्लिप, युनियनची पावती, नेमणूकपत्र, कंपनीच्या पिकनिकचा किंवा आयुधपूजेचा फोटो, सगळं कामाला येतं. कंपनी बंद पडली म्हणून पुरावा संपला असं समजू नका. पीएफ कार्यालयात कुठल्या आस्थापनेतून किती वर्षं वर्गणी आली याची नोंद असते. आल्तिनो, पणजी इथल्या कारखाने आणि बाष्पक निरीक्षणालयात नोंदणीकृत कारखान्यांच्या फायली असतात. तिथे माहिती अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही माफ.

अजून एक गोष्ट मालकाला सांगायला उपयोगी पडते. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कारखान्यांना आदेश दिला की प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सोडल्यापासून १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर जपून ठेवायची. कामगाराचा आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असं तोच निकाल सांगतो. ज्यांना ॲस्बेस्टॉसचा आजार असल्याचं निदान होईल त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये भरपाई, असंही त्या प्रकरणात ठरलं होतं.

डॉक्टरांकडून काय काय मागायचं

बायोप्सीचा रिपोर्ट हा सगळ्याचा पाया. मेसोथेलिओमा सूक्ष्मदर्शकाखाली दुसऱ्या कॅन्सरसारखा दिसू शकतो, म्हणून आयएचसी ही जादा तपासणी करतात. तिचा रिपोर्ट वेगळा मागून घ्या. लॅबमध्ये राहिलेले मेणाचे ब्लॉक आणि काचपट्ट्या अर्ज करून मिळतात. पुढे दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागलं तर त्याच लागतात. सीटी स्कॅनची सीडी घ्या, नुसत्या फिल्मवर थांबू नका.

आणि डॉक्टरांना हात जोडून एक विनंती करा: केस पेपरवर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘निवृत्त’ असं लिहू नका, ‘अमुक साल ते अमुक साल ॲस्बेस्टॉस लॅगिंगचं काम’ असं लिहा. आमच्या पहिल्या सगळ्या कागदांवर ‘निवृत्त’ हा एकच शब्द होता. तो दुरुस्त करून घ्यायला मला एका हॉस्पिटलच्या अकरा फेऱ्या पडल्या. डिस्चार्ज समरीवर ही ओळ पहिल्याच दिवशी आली तर पुढचा निम्मा वाद मिटतो.

रुग्ण विडी-सिगारेट ओढत असेल तर ते लपवू नका. ॲस्बेस्टॉस आणि तंबाखू एकत्र आले की फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, हे वैद्यकशास्त्राला पक्कं माहीत आहे. मेसोथेलिओमाचा तर विडीशी संबंधच नाही. ‘ओढायचा म्हणून झाला’ असं मालकाच्या माणसाने म्हटलं तर गप्प बसू नका.

उपचाराचा पैसा

सुरुवात बांबोळीहून, म्हणजे गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेज) करा. खासगीत दोन लाख घालवून मग बांबोळीला येणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. ते दोन लाख नंतर लागतात. सोबत दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड ठेवा. गोव्यात पाच वर्षं राहिलेल्या कुटुंबाला ते मिळतं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार त्यात बसतात. मुदत संपली आहे का ते आजच बघा. कार्ड कपाटात आहे पण नूतनीकरण झालेलं नाही, हा प्रकार फार घडतो.

रुग्ण ७० किंवा त्याहून मोठा असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार मिळतो. बाहेरच्या राज्यातून गोव्यात कामाला आलेल्या, इथल्या वास्तव्याची वर्षं न भरलेल्या माणसानेही हताश होऊ नये. गावाकडचं आयुष्मान कार्ड इथल्या योजनेतल्या हॉस्पिटलात चालतं, आणि पुढे सांगितलेल्या इएसआय आणि भरपाईच्या हक्काला रहिवासी दाखला लागत नाही.

गोव्याच्या सरकारी हॉस्पिटलात जो उपचार होत नाही त्यासाठी आरोग्य संचालनालयाची गोवा मेडिक्लेम योजना आहे. तिला मामलेदाराकडचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड आणि गोमेकॉच्या तज्ज्ञाची शिफारस लागते. मंजुरी मिळाल्याशिवाय बाहेरच्या हॉस्पिटलात भरती होऊ नका. आधी भरती आणि मग अर्ज, यात माणसं अडकतात. मामलेदाराकडे दाखले काढताना एकदम चार-पाच प्रती साक्षांकित करून घ्या. प्रत्येक खात्याला वेगळी लागते आणि प्रत्येक वेळी रांगेत उभं राहायला रुग्णाच्या घरातला माणूस मोकळा नसतो.

बरेच जण परळच्या टाटा हॉस्पिटलात जातात. नोंदणी जनरल वर्गात करा, आणि पहिल्याच दिवशी वैद्यकीय समाजसेवा विभागात जा. तिथली माणसं तुमचं उत्पन्न पाहून कुठल्या ट्रस्टला अर्ज करायचा, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीला कसं लिहायचं, खर्चाचं अंदाजपत्रक कुठून घ्यायचं हे सांगतात. ते अंदाजपत्रक हॉस्पिटलच्या शिक्क्यासकट असावं लागतं, त्याशिवाय कुठलाही निधी अर्ज वाचत नाही. आमदार-खासदारांचं शिफारसपत्र जोडलं तर हरकत नाही, पण त्याची वाट बघत अर्ज अडवून ठेवू नका.

राहायचं काय, हा प्रश्न गोव्याच्या माणसाला मुंबईत सगळ्यात आधी खातो. परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा या रुग्णांच्या नातेवाइकांसाठीच आहेत. टाटाच्या समाजसेवकाची चिठ्ठी घेऊन जा. थिवी, करमळी, मडगावहून रेल्वेनं जात असाल तर कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत. त्याचा ठरलेला फॉर्म उपचार करणाऱ्या हॉस्पिटलकडून भरून घ्यायचा आणि खिडकीवर द्यायचा. आम्ही पाच फेऱ्या पूर्ण भाड्याने केल्या, कारण आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

रुग्णाचं पीएफ खातं अजून चालू असेल तर आजारपणासाठी त्यातून आगाऊ रक्कम काढता येते.

इएसआय: आधी हे तपासा

रुग्णाचा इएसआयचा विमा क्रमांक आहे का, हा एक प्रश्न पुढची सगळी दिशा ठरवतो. सध्या महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार त्यात येतात. जो इएसआयकडून कामाच्या आजाराचा लाभ घेऊ शकतो त्याला मालकाकडे वेगळी कायदेशीर भरपाई मागता येत नाही. म्हणून ‘दोन्हीकडे टाकून बघू’ असं करू नका.

कामावर असताना कॅन्सर निघाला तर आधी आजारपणाचा लाभ मिळतो, ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के. कॅन्सर हा दीर्घ आजारांच्या यादीत आहे, त्यामुळे पुढे ८० टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत वाढीव लाभ मिळतो. मात्र त्याआधी किमान दोन वर्षं विमा असावा लागतो. पण खरी मागणी त्यापुढची आहे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कॅन्सर आणि मेसोथेलिओमा हे व्यवसायजन्य आजारांच्या यादीत नाव घेऊन लिहिलेले आहेत. तो कामाचा आजार म्हणून मान्य झाला की अपंगत्वाचा लाभ ९० टक्क्यांनी मिळतो, आणि माणूस गेला तर विधवेला आणि मुलांना अवलंबितांचा लाभ दरमहा मिळत राहतो. अंत्यसंस्कारासाठी १५,००० रुपये वेगळे.

म्हणून मडगावच्या इएसआय हॉस्पिटलात किंवा तुमच्या दवाखान्यात नुसती ‘रजेची चिठ्ठी’ घेऊन परत येऊ नका. ‘हा व्यवसायजन्य आजार आहे, मेडिकल बोर्डाकडे पाठवा’ असा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी सांगितलेलं फाईलमध्ये जात नाही.

निवृत्तीच्या वयापर्यंत काम करून बाहेर पडलेला आणि किमान पाच वर्षं विमा असलेला कामगार वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचा आणि जोडीदाराचा इएसआयमधला उपचार चालू ठेवू शकतो. एवढ्या कमी पैशात एवढी मोठी सोय दुसरी नाही, आणि ती फार थोडे लोक घेतात.

इएसआय नसेल तर: मालकाकडून भरपाई

हा हक्क पूर्वी १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात होता. आता तो, आणि इएसआयचा कायदाही, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आजारांची यादी संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे. अर्ज पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, म्हणजे मजूर आयुक्तांच्या कार्यालयात, जाऊन चौकशी करूनच द्या. आजार कधी सुरू झाला त्यावर कुठल्या कायद्याखाली लिहायचं ते ठरतं.

त्या धोक्याच्या कामावर एकाच मालकाकडे सलग किमान सहा महिने केलेले असले की हा आजार कामाचाच मानला जातो. कामगाराला दुसरं काही सिद्ध करावं लागत नाही, उलटं सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. काम सोडल्यावर आजार निघाला तरी हक्क जात नाही, पण तेव्हा तो त्याच कामातून झाला हे आपण दाखवावं लागतं. ती वही, ते पाकीट, ते जुने सोबती इथे लागतात.

रक्कम कशी काढतात ते समजून घ्या, म्हणजे कुणी कमी सांगितलं तर कळेल. मजुरीचा ठरावीक भाग घेऊन त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. मृत्यू झाला तर मजुरीचे ५० टक्के, कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ६० टक्के. २०२० पासून महिना १५,००० रुपयांपर्यंतची मजुरी धरतात. ५५ वर्षांच्या माणसाचा आकडा १३५.५६. म्हणजे मृत्यूच्या बाबतीत ७,५०० गुणिले १३५.५६, दहा लाख सोळा हजार सातशे रुपये. ६० व्या वर्षी आकडा ११७.४१, ६५ आणि त्यापुढे ९९.३७. मालकाने महिनाभरात पैसे भरले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना रोखून धरले तर वर दंडही लागू शकतो.

मुदत दोन वर्षांची. आजार उशिरा निघणारा असल्यामुळे इथेच सर्वाधिक दावे अडतात. निदानाची तारीख असलेला बायोप्सी रिपोर्ट जोडा, त्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज टाका, आणि सोबत उशीर माफ करावा असा वेगळा अर्जही द्या. ‘आजार कशाचा आहे हेच या तारखेला कळलं’ हे सबळ कारण आहे आणि ते ऐकून घेण्याचा अधिकार मजूर आयुक्तांच्या कार्यालयातल्या अधिकाऱ्याला आहे. आमचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी टेबलावर होता, पण पोच न घेता ठेवून दिलेला. पुढे तो ‘मिळालाच नाही’. तेव्हा आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

वकिलाच्या फीची धास्ती घेऊ नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. औद्योगिक कामगारालाही मिळतो. म्हणजे गेलेल्या कामगाराची बायको ही आपोआप पात्र आहे. उत्तर आणि दक्षिण गोव्याच्या जिल्हा न्यायालयांत त्यांची कार्यालयं आहेत. फोन १५१००.

घरचा माणूस गेल्यावर

हे लिहिणं जड आहे, पण या दिवसांत झालेल्या चुका पुन्हा सुधारता येत नाहीत.

निदान पक्कं झालेलं नसेल आणि कामाचा संशय असेल तर शवविच्छेदनाला नाही म्हणू नका. फुप्फुसाच्या ऊतकात ॲस्बेस्टॉसचे तंतू दिसले तर तो भक्कम पुरावा असतो. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर ‘हृदयक्रिया बंद’ एवढंच नको, खाली मूळ कारण म्हणून मेसोथेलिओमा आहे का ते तिथेच वाचून घ्या. पंचायतीचा किंवा पालिकेचा मृत्यूदाखला वेगळा, दोन्ही जपा.

बाराव्याला मालकाचा माणूस पाकीट घेऊन येतो आणि एका कागदावर सही मागतो. सही करू नका. मृत्यूची भरपाई मालकाने थेट कुटुंबाच्या हातात द्यायची नसते, ती भरपाईचा अर्ज ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते आणि तिथून अवलंबितांना वाटली जाते. मालकाला आगाऊ म्हणून थोडी रक्कम देता येते, पण ‘आता काही मागणार नाही’ असं लिहून दिलेलं कायद्यात टिकत नाही. टिकत नसलं तरी तो कागद पुढे त्रास देतोच.

नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर पीएफबरोबर ईडीएलआयचा विमा असतो, सात लाखांपर्यंत. विधवेला पीएफची पेन्शन मिळते, २५ वर्षांखालच्या दोन मुलांनाही. बँकेचं पासबुक नीट बघा. मे महिन्यात ४३६ रुपये कापलेले दिसले तर दोन लाखांचा जीवनज्योती विमा आहे आणि तो आजारातल्या मृत्यूलाही मिळतो. वीस रुपये कापलेला विमा फक्त अपघाताचा, त्याची आशा धरू नका.

गोव्यात वारसाचा कागद वेगळा लागतो. इथल्या कायद्यात बायको सामाईक मालमत्तेची अर्धी मालकीण असते आणि वारस विशेष नोटरीसमोर (म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे) डीड करून ठरवतात. बँक, पीएफ, विमा इथे नॉमिनी नसेल तर हे डीड मागतात. पण भरपाईचा आणि इएसआयचा पैसा वारसांना नाही, अवलंबितांना मिळतो. त्यामुळे डीड व्हायला वेळ लागला म्हणून तो अर्ज थांबवू नका.

दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत विधवा पेन्शनचा अर्ज समाजकल्याण खात्याकडे लगेच टाका. मंजुरी अर्जाच्या रांगेनुसार येते.

तारवटी आणि परदेशात काम केलेले

बोटीवर आयुष्य घालवलेल्या गोंयकारांच्या घरात हा आजार येतो. जुन्या जहाजांच्या इंजिनरूम ॲस्बेस्टॉसनेच मढलेल्या असायच्या. सीडीसीतला (खलाशाच्या नोकरीची नोंद असलेली पुस्तिका) प्रत्येक शिक्का, म्हणजे कुठल्या जहाजावर कधी चढले, कधी उतरले, हा तुमचा पुरावा. ती पुस्तिका कुणाच्याही हाती मूळ देऊ नका.

अमेरिकेत ॲस्बेस्टॉस विकणाऱ्या अनेक कंपन्या दावे फेडता फेडता दिवाळखोरीत गेल्या. १९८२ मध्ये जॉन्स-मॅनव्हिल गेली आणि १९८८ मध्ये तिचा भरपाई ट्रस्ट उभा राहिला. तसे डझनावारी ट्रस्ट आज आहेत. कुठल्या कंपनीचा माल आपल्या जहाजावर वापरला होता हे दाखवता आलं तर परदेशी माणसालाही दावा करता येतो, जरी ठरलेल्या रकमेचा काही टक्केच हाती आला तरी. तिथले वकील सहसा पैसे मिळाल्यावर हिस्सा घेतात. आधी फी मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा.

ब्रिटनमध्ये काम करताना धूळ गेली असेल तर तिथे सरकारी एकरकमी मदत आहे. २००८ ची योजना कामगारच नव्हे तर त्याचे कपडे धुणाऱ्या बायकोलाही धरते, मात्र निदानापासून १२ महिन्यांत अर्ज हवा आणि धूळ ब्रिटनमध्येच गेलेली असावी. ज्यांचा मालक किंवा त्याची विमा कंपनी सापडत नाही त्यांच्यासाठी २०१४ ची योजना आहे, तिला तीन वर्षं. ब्रिटनमधल्या स्विंडनला कुणी नातेवाईक असेल तर त्यालाच चौकशीला लावा.

निवृत्त तारवटी आणि त्यांच्या विधवांसाठी गोवा सरकारचीही पेन्शन योजना आहे. अनिवासी गोमंतकीय खात्यात तिची चौकशी करा.

ज्यांच्याकडे कागदच नाहीत

पत्रे बसवणारे, जुने पत्रे फोडून उतरवणारे, गॅरेजमध्ये ब्रेक लायनिंग घासणारे, यांच्याकडे ना इएसआय ना पगाराची पावती. बांधकामावर वर्षात ९० दिवस भरले असतील तर गोव्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करता येते. तिथे आजारपण आणि मृत्यूची मदत आहे, पण नोंदणी आजारी पडण्याआधी असलेली बरी. ठेकेदाराकडे काम केलं असेल तर ज्याच्या जागेवर काम झालं त्या मुख्य मालकावरही भरपाईची जबाबदारी येऊ शकते, हे वकिलाला आठवणीने सांगा.

आणि घरच्या बायका. माझी आई एकोणीस वर्षं संध्याकाळी पडवीत बाबांचा डांगरीचा शर्ट झटकायची. तिला उद्या काही झालं तर ती कामगार नव्हती म्हणून भरपाईचा कायदा तिला ओळखत नाही. तिच्यासाठी फक्त उपचाराच्या योजना उरतात. हे मला मान्य नाही, आणि हा बदल व्हावा म्हणून मी दरवर्षी आमच्या आमदारांना पत्र लिहिते. तोवर तिचा छातीचा एक्स-रे दर वर्षी मी स्वतः काढून आणते, आणि तिच्या केस पेपरवर डॉक्टरांकडून ‘पतीच्या कपड्यांवरील ॲस्बेस्टॉस’ अशी नोंद करून घेतली आहे.

तुमच्या माणसाबरोबर काम केलेले जे हयात असतील त्यांच्याकडे या महिन्यात एकदा जाऊन या. ते तुमचे साक्षीदार आहेतच. पण त्यांनीही तीच धूळ घेतली आहे. जाताना एक कोरी वही घेऊन जा.